चेंडूला पाय लागला तर

आमच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकायला आलेल्या मुलीला पहिले एकवीस दिवस चेंडू मिळत नसे. तांब्या मिळे. पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या उजव्या तळव्यावर घ्यायचा, कोपर बरोबर त्याच्या खाली आणायचं, आधी गुडघे वाकवायचे आणि मग तांब्या कपाळावरून सरळ वर न्यायचा. डावा हात नुसता बाजूला, सोबतीला. पाणी सांडलं तर कुणी ओरडायचं नाही. फक्त ते त्या मुलीचं संध्याकाळचं पिण्याचं पाणी असे. सांडलं तेवढं गेलं.

ही रीत गहिनीनाथ वायभट सरांची. कागदोपत्री ते शारीरिक शिक्षण संचालक होते, गावात त्यांना पीटी मास्तर म्हणत. मूळचे लिंबागणेशचे. अमरावतीला शिकताना हा खेळ त्यांच्या अंगात भिनला आणि तो घेऊन ते आमच्याकडे आले, जिथे तोपर्यंत कुणी रिंग पाहिलेली नव्हती. त्यांना जाऊन येत्या आषाढात वर्ष होईल. मी त्याच कॉलेजच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं काम केलं आणि या मे महिन्यात निवृत्त होतो आहे. संघ बाहेरगावी न्यायचा तर बरोबर एक व्यवस्थापक लागतो. ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. त्यामुळे इथे लिहितो आहे ते ऐकीव नाही.

कॉलेज सहकारी साखर कारखान्याच्या शिक्षण संस्थेचं. सिरसाळ्याच्या बाजाराला आमच्या गावची माणसं सकाळी जाऊन दुपारी परत येत, एवढ्या अंतरावर. कारखान्याने मुलींसाठी एक वसतिगृह बांधलं होतं आणि त्यात खानावळ चालवली होती. ते नसतं तर आमच्या निम्म्या मुली शिकल्याच नसत्या. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप ऊसतोडीला कोल्हापूर, सांगलीकडे जात ते चैत्रातच परत येत. सहा महिने घराला कुलूप. वसतिगृह हेच त्या मुलींचं घर होतं. मैदान त्याला लागून, आणि मैदानाच्या कडेला एका खोलीत सर राहत. बायको लवकर गेलेली, मुलगा पुण्याला. सर एकटेच.

सत्यभामा २०१० च्या जूनमध्ये बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली. सरांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वसतिगृहाच्या मागे जळणाची ट्रॉली रिकामी होत होती. मुली पऱ्हाट्यांचे भारे दोघी दोघी उचलून शेडच्या पत्र्यावर चढवत होत्या. ही एकटी खाली उभी राहून भारा सरळ वर फेकत होती, आणि तो जिथे पडायला हवा तिथेच पडत होता.

सर थांबले. "कुणाची गं तू?"

"शहादेवाची."

"हे फेकायला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात?" ती म्हणाली. "उसाच्या मोळ्या न्हाई का टाकत ट्रकवर?"

"रिंगमध्ये टाकशील का?"

"कशात?"

दुसऱ्या दिवशी तिने पोटापासून दोन्ही हातांनी हिसका देऊन चेंडू फेकला. तो रिंगमागच्या फळीवरून पलीकडच्या बाभळीत गेला. खानावळीच्या केशरबाई दारात उभ्या राहून हसल्या. "सर, हिला बाभळीच्या शेंगा पाडायला ठिवा." सरांनी तिच्या हातात तांब्या दिला. पहिल्याच वेळी अर्धं पाणी तिच्या डोक्यावर. "झाली बाई हिची अंघूळ," केशरबाई म्हणाल्या.

जन्मापासून मोळ्या फेकलेल्या हाताला मनगट शिकवायला सरांना दीड वर्ष लागलं. ताकद भरपूर होती; ती कमी कशी वापरायची, हा प्रश्न होता. सर म्हणायचे, "मोळी लांब जायला पाहिजे. चेंडू लांब न्हाई, वर जायला पाहिजे. वर गेलेला चेंडू आपणहून खाली येतो, त्याला ढकलायचं कशाला?" संध्याकाळी कार्यालय सुटलं की मी ओट्यावर बसून तिचे फ्री थ्रो मोजायचो. फाऊल झाला की समोर कुणीही नसताना रेषेवरून जे टाकायला मिळतात, ते. पहिल्या महिन्यात शंभरात एकोणीस गेले. वर्षाने अठ्ठावन्न. ती चेंडू दोनदा आपटायची, श्वास सोडायची, रिंगच्या मागच्या कडेकडे बघायची आणि तांब्या उचलल्यासारखा हात वर न्यायची. तिसऱ्या वर्षी शंभरात शहाऐंशी जात. असा आकडा मी आमच्या विद्यापीठात दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही.

आता त्या नियमाबद्दल सांगायला हवं.

सुरुवातीच्या एका वर्षी कारखान्याने दिलेला चांगला चेंडू एका मुलीने चिडून लाथेने उडवला. तो काट्यात जाऊन फुटला, आणि त्या वर्षी पुढे सगळा सराव रबरी चेंडूवर झाला. तेव्हापासून सरांनी नियम केला: चेंडूला पाय लागला तर लगेच बोटं चेंडूला लावून कपाळाला न्यायची. विसरलं तर मैदानाला दोन फेऱ्या. कुणाच्या अंगाला किंवा वहीपुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतोच, त्यातलंच हे. खंडेनवमीला शेतकरी अवजारं पुजतात, कारखान्यात यंत्रांना हळदकुंकू लागतं. सर त्या दिवशी आमच्या कार्यालयात पाट मांडायचे आणि त्यावर दोन चेंडू, शिट्टी आणि हवा भरायचा पंप ठेवून पूजा करायचे. मुलींना ते आवडायचं. मलाही आवडायचं.

आमचं मैदान मुरमाचं. चेंडू कुठेही उसळे आणि दिवसातून पाचदहा वेळा पायाला लागे. लागला की त्या मुलीची बोटं चेंडूला आणि मग कपाळाला. दोनतीन वर्षांत ती सवय पापणी लवण्यासारखी झाली.

एकदा मी सरांना म्हणालो, "मॅचमध्ये असं करत बसल्या तर?"

"किती वेळ लागतो हो त्याला?" सर हसले.

"तेवढ्यात कुणी चेंडू नेला तर?"

"नेऊ द्या. खेळायला शिकल्या आन वागायला विसरल्या, असं व्हायला नको."

मला ते पटलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

२०१२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचं वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते पुरणार नाही. त्या वर्षी आमच्या भागात ऊसच उभा राहिला नाही, त्यामुळे कारखान्याचं धुराडं पेटायचा प्रश्न नव्हता. सप्टेंबरात वसतिगृहाच्या विहिरीचा तळ दिसला. टँकर तिसऱ्या दिवशी येई. सरावाचा तांब्या अर्धा झाला. सर नव्या मुलींना म्हणाले, "आता जास्त अवघड हाय. अर्धा तांब्या जास्त हिंदकळतो."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आप्पांनी बोलावणं पाठवलं. आप्पा म्हणजे कारखान्याचे चेअरमन आणि आमच्या संस्थेचेही अध्यक्ष. वसतिगृहातल्या मुलींची यादी घेऊन मीही सरांबरोबर गेलो. आप्पांभोवती पाचसहा माणसं बसलेली होती.

"या मास्तर. चहा बिनदुधाचा हाय, चालंल का? दुधाची जनावरं दावणीला उपाशी हायती." मग ते सरळ मुद्द्यावर आले. "दिवाळी झाली की मैदानावर चारा छावणी टाकायची. दोन हजार जनावरं. वसतिगृहाच्या खोल्यांत पेंड आन सरकी ठिवायची. पोरींना घरी धाडा."

"घरी कोण हाय त्यांच्या, आप्पा? घराला कुलपं असतात."

"मग जनावरं काय तुमच्या रिंगला टांगू?"

बसलेली माणसं हसली. सर हसू संपेपर्यंत थांबले. "आप्पा, दिवाळीच्या आधी विद्यापीठाची आंतरविभागीय स्पर्धा हाय. तिथनं कप आणला तर?"

"आजवर कधी आणला का?"

"न्हाई."

"किती वर्सं झाली तुमाला?"

"सतरा."

पुन्हा हसू. पण आप्पा हसले नाहीत. ते सरांकडे बघत राहिले. "बरं, आणा कप. तालुक्यात पहिला कप आला म्हणून मी सगळीकडं सांगीन. छावणी माळावर नेतो, तिथं पाणी न्यायचं माझं मी बघतो. वसतिगृह मार्चपर्यंत चालू ठिवतो, शब्द देतो. पण पहिला कप पाहिजे. दुसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट मला दावू नका."

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "मोठा माणूस हाय. न्हाई म्हणाला असता तरी आपण काय करणार होतो?" आणि ते झपझप चालायला लागले.

दसऱ्याला सत्यभामाचे वडील शहादेव मुलीला भेटायला आले. बरोबर तिची आई सुभद्राबाई. वसतिगृहाचं काय होणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. सरांच्या खोलीसमोर आम्ही सतरंजीवर बसलो. सत्यभामा खांबाला टेकून उभी होती.

"सर, वसतिगृह हाय तवर पोरगी तुमची," शहादेव म्हणाले. "शिकवा, खेळवा, मी आडवा येणार न्हाई. पर ते बंद झालं तर मी हिला कुठं ठिवू? आमी टोळीसंगं जाणार. तरणी पोर कुलपात ठिवता येती का?"

"मग काय करणार?"

"धारूरकडचा पाव्हणा बघून ठिवलाय. पोरगा वंगाळ न्हाई. लगीन लावलं की दोघांचा एक कोयता व्हतो. आमच्याच टोळीत येतील, नजरंसमोर राहील."

ऊसतोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या मुलीचा कोयता होत नाही.

शहादेवच पुढे म्हणाले, "तुमी एकटं राहता सर. मी तुमाला काय म्हणणार न्हाई. पर लोक म्हणतील."

"मी काय म्हणालो का?"

"न्हाई. तुमच्या मनात आलं असंल म्हणून बोललो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या यादीकडे पाहत होतो.

"कप आला तर?" सर म्हणाले.

"कप आला तर मी स्वतः हिला पेढा भरवीन आन एकला जाईन."

सुभद्राबाई मधेच म्हणाल्या, "एकला कुठं? मी हाय की." सगळे हसले. सत्यभामा हसली नाही. ती मैदानावर गेली. त्या दिवशी मी तिचे शंभर मोजले. एक्क्याण्णव गेले.

त्यानंतरचे दहा दिवस सरांनी फक्त शेवटचं मिनिट शिकवलं. रोज सराव संपता संपता ते ओरडायचे, "चाळीस सेकंद राहिली. तीन गुणांनी मागं. बोला काय करायचं!" दुसऱ्या दिवशी, "वीस सेकंद राहिली, एका गुणानं पुढं." घड्याळाचं काम केशरबाईंकडे. त्या परातीवर उलथनं आपटून सेकंद मोजायच्या आणि शेवटी, "संपलं गं बायांनो, भाकरी थंड व्हायल्यात!" मागे असताना काय करायचं ते मुलींना लवकर समजलं. पुढे असताना काय करायचं ते समजेना. रिंग समोर दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. सर चिडायचे. "पुढं असलं की रिंगकडं बघायचं पण न्हाई! चेंडू धरून ठिवा. त्यांना घाई हाय, तुमाला न्हाई. ते येतील, फाऊल करतील. त्यांनी फाऊल करायला पाहिजे तो सत्यभामावर. म्हणून शेवटचा चेंडू हिच्या हातात. ठरलं?"

"ठरलं सर."

"तिच्यावर फाऊल झाला की मॅच आपली. शंभरात नव्वद जाणारा हात हाय तो."

दिवाळीला सहा दिवस राहिले होते तेव्हा आम्ही औरंगाबादला अंतिम सामन्याला उभे होतो. आधीचे तीन सामने मुलींनी कसे जिंकले हे मी सांगत बसत नाही. सिमेंटचं मैदान, चारी बाजूंनी पायऱ्या, आणि त्यांवर शहरातल्या कॉलेजची मुलंमुली. त्या मैदानावर चेंडू जिथे आपटेल तिथूनच सरळ वर यायचा. आमच्या मुलींना त्याची गंमत वाटायची. तिन्ही सामन्यांत कुणाच्या पायाला चेंडू लागलेला मला आठवत नाही.

शेवटच्या मिनिटाला आम्ही तीन गुणांनी मागे होतो. सत्यभामाने लांबून एक टाकला, तीन गुणांचा. बरोबरी. मग समोरच्यांचा एक चुकला, पळत असताना सत्यभामावर फाऊल झाला. दोन फ्री थ्रो. पहिला रिंगच्या कडेवर फिरून बाहेर आला. पायऱ्यांवरून ओरडा झाला. तिने चेंडू दोनदा आपटला, श्वास सोडला, आणि दुसरा सरळ आत गेला. पण आनंद करायला वेळ नव्हता, समोरच्यांनी घाईने टाकलेला चेंडू बाहेर गेला आणि तो आम्हाला मिळाला. एक्केचाळीस-चाळीस. आम्ही एका गुणाने पुढे. अकरा सेकंदं बाकी, चेंडू आमचा, आणि समोरच्यांचे फाऊल भरलेले. यापुढे त्यांनी फाऊल केला की आम्हाला दोन फ्री थ्रो.

सरांनी शेवटचा टाइम आउट घेतला. मुली घामाने निथळत होत्या. सर अगदी शांत होते.

"केशरबाई परात वाजवायल्यात असं समजा," ते म्हणाले. मुली हसल्या. "अकरा सेकंद. काय करायचं?"

"धरून ठिवायचं."

"कुणाकडं?"

सगळ्यांनी सत्यभामाकडे पाहिलं. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रिंगकडं बघू नको. ते तुला धरतील. धरू दे."

चेंडू आत आला, आमच्या संघातल्या गीताकडून सत्यभामाच्या हातात. ती आमच्याच रिंगकडच्या कोपऱ्यात सरकली, दोन्ही हातांत चेंडू घट्ट, पाठ वळवलेली. दोघीजणी तिच्या अंगावर आल्या. मी घड्याळाकडे बघत होतो. नऊ. आठ. एकीने खालून हात घातला आणि चेंडू सुटला. सुटला तो सत्यभामाच्याच बुटाला लागून हातभर पुढे थांबला. पाय मुद्दाम मारला नाही तर खेळ थांबत नाही, पंचांनी शिट्टी वाजवली नाही. चेंडू तिच्या समोर होता. ती वाकली. तिची बोटं चेंडूवर टेकली.

आणि उचलून कपाळाला गेली.

समोरची मुलगी क्षणभर गोंधळली. तिने चेंडू उचलला, दोन पावलांत आमच्या रिंगखाली गेली आणि आत टाकला. एक्केचाळीस-बेचाळीस. उरलेल्या सेकंदांत गीताने लांबून फेकलेला चेंडू फळीलाही लागला नाही. शिट्टी झाली.

सत्यभामा कोपऱ्यात तशीच वाकलेली होती. हात अजून कपाळाशी.

पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, देवपूजा झाली का?" आणि बरेच लोक हसले. समोरच्या संघाचे प्रशिक्षक हस्तांदोलनाला आले. भला माणूस. "सर, तुमच्या मुलीने मधेच ते काय केलं? आम्हाला समजलंच नाही."

सरांनी त्यांचा हात हातात घेतला, हलवला आणि ते मुलींकडे वळले.

दुसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट मी सांभाळून पिशवीत ठेवलं. आप्पांना फोन मीच केला. "हरले व्हय," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "किती गुणांनी?"

"एका."

"अरेरे," ते म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले. मग म्हणाले, "उद्यापासून खड्डे खांदायला लावतो."

परतीच्या एस.टी.त सत्यभामा पुढच्या सीटवर खिडकीशी बसली होती. सर मागे माझ्याशेजारी. बीड येईपर्यंत ते एकदोनदा उठून पुढे जायला लागले आणि पुन्हा बसले. मी म्हणालो, "जाऊन बोला तिच्याशी." ते म्हणाले, "काय बोलू? तुझी चूक न्हाई, माझी हाय, असं म्हणू? मग तिला तरी काय उरलं? तीन वर्सं ज्या गोष्टीसाठी फेऱ्या मारल्या, तीच खोटी म्हणून सांगू?" मी म्हणालो, "सावकाश सांगा. घाई काय आहे?"

घाई होती. मैदानावर बांबूंचे खड्डे खणले गेले, त्यातला एक बरोबर फ्री थ्रोच्या रेषेवर. मुली एकेक करून आपापली पेटी घेऊन गेल्या. केशरबाईंनी परात पालथी घालून ठेवली. तुळशीचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात सत्यभामाचं. लग्नाला सर गेले नाहीत. लग्नानंतर चौथ्या दिवशी टोळीचा ट्रक निघणार होता. त्या सकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "चला, फाट्यावर जाऊ. आज सांगतो."

फाट्यावर ट्रक उभा होता. वर भांडी, गाठोडी, कोंबड्या, म्हाताऱ्या, लेकरं. शहादेव दोर आवळत होते. सत्यभामा हिरव्या चुड्यात, कपाळाला अजून हळद. नवरा बाजूला उभा, तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा, लाजाळू मुलगा. सरांना बघून ती धावत आली. सर काहीतरी बोलणार होते. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले.

ती पाया पडायला वाकली. तिचा उजवा हात त्यांच्या पायांकडे आला, बोटं जुळलेली.

सरांनी पाय मागे घेतले. एकदम, विस्तवाला लागल्यासारखे.

तिची बोटं मातीला टेकली. ती तशीच एक क्षण राहिली. मग तिने ती माती कपाळाला लावली, उठली आणि ट्रककडे गेली. वर चढताना चाकावर पाय द्यायच्या आधी तिने चाकाला हात लावून नमस्कार केला. सर वळून गावाकडे चालायला लागले. मी मागून गाठेपर्यंत ते बरेच पुढे गेले होते.

"तिचा हात कपाळाला जाताना मला बघवणार न्हवतं," ते म्हणाले. "म्हणून वडले पाय. तिला काय वाटलं असंल?"

"चैत्रात येतील ना परत. तेव्हा सांगा."

चैत्रात टोळी परत आली. सर त्यांच्या गावी जाऊन आले. सत्यभामा सासरी धारूरकडे गेलेली. पुढच्या चैत्रात तिला मूल झालेलं होतं. मग दुसरं. सर दर वर्षी म्हणायचे, या वर्षी जाऊन येतो. छावणी पावसाळ्यात उठली, पण वसतिगृह पुन्हा सुरू झालं नाही, आणि संघ पुन्हा उभा राहिला नाही. खंडेनवमीला सरांनी त्यानंतर कधी पाट मांडला नाही. परीक्षांचं पर्यवेक्षण, स्वातंत्र्यदिनाची परेड, एवढंच त्यांचं काम राहिलं. कुणी पाया पडायला आलं की ते मागे सरत. निवृत्तीच्या निरोप समारंभात ते व्यासपीठावर खुर्चीत मांडी घालून बसले. लोकांना वाटलं, पाय दुखत असतील.

गेल्या आषाढात सर लिंबागणेशला वारले. तेराव्याला मी गेलो होतो. त्यांचा पुतण्या बद्रीनाथ याने मांडव घातला होता. जेवणाची पहिली पंगत उठली तेव्हा एक बाई माझ्याजवळ आली. बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी.

"तुमी ऑफिसातले सर ना? वळखलं का?"

मी ओळखलं होतं. खांदे तेच होते.

"एक विचारू का? सर माझ्यावर लई रागावले व्हते का हो?"

"कशावरून म्हणतेस?"

"ट्रकापाशी पाय वडून घेतलं त्यांनी. म्या हरवली ना मॅच." ती मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "दर साली वाटायचं, जावं, माफी मागावी. मग वाटायचं, पुन्हा पाय वडले तर?"

मी तिला सगळं सांगितलं. एस.टी.तलं बोलणं, फाट्यावरून परत येतानाचं, चैत्रातली ती खेप.

"म्हंजी राग न्हवता."

"नाही. होता तो स्वतःवर."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

ती माझ्याकडे बघत होती. सरांना विचारायचा प्रश्न तिने मला विचारला होता, आणि तो मलाही लागू होता. धारूर आमच्या गावाहून तासाभराचा रस्ता. बारा वर्षांत मला एकदा जाता आलं नसतं असं नाही. आणि त्याच्याही आधी, दसऱ्याच्या त्या दिवशी, शहादेव जेव्हा म्हणाले की पोरीला ठेवू कुठे, तेव्हा माझ्या घरी दोन खोल्या होत्या. बायको होती, दोन मुली होत्या. लोकांनी काही म्हणायचा प्रश्न नव्हता. सरांनी म्हणूनच माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मी यादीत नाव शोधत असल्यासारखं केलं होतं. कप आला असता किंवा नसता, ती परीक्षेला बसू शकली असती. हे मी सरांजवळ कधी बोललो नाही, आणि त्यांनीही मला कधी बोलून दाखवलं नाही.

यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "राहून गेलं, बाळा."

बद्रीनाथने दुसऱ्या पंगतीला हाक मारली. ती मुलीला घेऊन जेवायला बसली. जेवण झाल्यावर सरांच्या फोटोपुढे गेली, थोडा वेळ उभी राहिली. फोटोत सर छातीपर्यंतच होते. मग निघताना ती माझ्यासमोर आली आणि वाकली.

तिचा हात माझ्या पायांना लागला आणि तिथून कपाळाला गेला. तो नमस्कार माझा नव्हता. पण मी पाय मागे घेतले नाहीत.